तीन निळे, एक पांढरा

आमच्या घरी मासा मारायचं काम मायकडे होतं. मागच्या अंगणात न्हाणीला लागून एक काळा दगड होता, वर्षानुवर्षं झिजून मधोमध बशीसारखा खोलगट झालेला. मरळ जिवंतच घरी यायची आणि जर्मनच्या गंजात, पाण्यात वळवळत पडलेली असायची. माय तिला चुलीतल्या राखेत घोळवायची, म्हणजे ती हातातून निसटत नसे. डाव्या हाताने दगडावर दाबायची आणि उजव्या हातातल्या सागाच्या मोगरीने डोक्यावर एकच घाव घालायची. डोकं फुटल्यावरही शेपटी दगडावर आपटत राहायची. ती थांबेपर्यंत माय हात काढत नसे. "दुसरा घाव घालाचा नाई," ती सांगायची. "दुसऱ्या घावानं मास फुटते न रश्श्यात काटे येते." मग पावशीवर, म्हणजे विळीवर बसून ती खवले काढायची, पोट फाडायची, आतडी मांजराकडे भिरकावायची. लहानपणीचा पहिला आवाज कोणता आठवतो असं कुणी विचारलं, तर मला त्या शेपटीचा आवाज सांगावा लागेल. रस्सा मात्र असा व्हायचा की शेजारच्या घरातून वाटी यायची: भाजून वाटलेलं जवस, चिंचेचं पाणी, लाल मिरची आणि उतरवताना वरून मूठभर कोथिंबीर.

गाव आरमोरीपासून सायकलने दीड तासावर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी होतं. आमच्या मोहल्ल्यातली घरं पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जात आणि उरलेलं वर्ष तलावावर काढत. वडील मी चौथीत असताना गेले. त्यानंतर घरात पुरुष म्हणजे मायचा धाकटा भाऊ, किसनमामा. त्याने लग्न केलं नव्हतं. दुपारी तो पडवीत बसून जाळं विणायचा, आणि विणताना जाळ्याकडे कधीच बघायचा नाही; माणसाकडे बघत बोलायचा आणि बोटं खाली आपलं काम करत राहायची. तलावात एकाच वेळी वीसेक जाळी पडत, पाण्यात ती एकमेकांत मिसळत, आणि कुणाचं जाळं कोणतं यावरून पूर्वी डोकी फुटलेली होती. म्हणून प्रत्येक घराची तरंगे बांधायची रीत वेगळी ठरली होती. तरंगे म्हणजे जाळ्याची वरची दोरी पाण्यावर धरून ठेवणारे तुकडे. कुणाचे सुक्या भोपळ्याचे, कुणाचे थर्माकोलचे. मामाचे जुन्या रबरी चपलांचे, तिकोनी कापलेले: तीन निळे, मग एक पांढरा, मग पुन्हा तीन निळे. पाळीवर उभं राहून पाचवीतलं पोरही सांगायचं, ते किसनचं जाळं. मीही सांगायची.

बी.ए. झाल्यावर मला आरमोरीत एका दैनिकाच्या कार्यालयात काम मिळालं. काम बातम्या टाईप करण्याचं होतं, पण कार्यालयप्रमुख बोरकरसरांनी सहा महिन्यांत त्या दुरुस्त करण्याचंही शिकवलं. गावोगावचे वार्ताहर पोस्टकार्डावर, वहीच्या पानावर, कधी फोनवर बातमी द्यायचे. अस्वलाने चेहरा ओरबाडला. जादूटोण्याच्या संशयावरून म्हातारीला झाडाला बांधून मारलं. जंगलात दोन गोळ्या लागलेलं प्रेत सापडलं, छातीवर चिठ्ठी. बोरकरसर लाल पेनाने विशेषणं खोडायचे. "भीषण, अमानुष, हृदयद्रावक," ते मोठ्याने वाचायचे. "माणूस मेला ना? मग हे कायले? कोण, कुठी, कधी, कशानं. संपलं." हे लिहितानाही तो लाल पेन मला दिसतो, आणि त्याच्यावर माझा राग नाही. फक्त एवढं नोंदवते की 'कशानं' या प्रश्नाचं उत्तर आम्ही बहुतेक वेळा ठाण्यातून घ्यायचो.

कार्यालयासमोर प्रकाशभाऊंचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडचे पाच खोके, पाच संगणक, आणि निकालाच्या दिवशी रस्त्यापर्यंत रांग. ब्लॉग हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. फुकटात स्वतःचं पान मिळतं, कुणी खोडत नाही, कुणी कापत नाही, असं ते म्हणाले. रोज काम सुटल्यावर तासभर मी तिथे बसू लागले. कार्यालयाचा फॉन्ट तिथे चालत नव्हता. चिकटवलेली बातमी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा होऊन दिसायची. नवं टायपिंग शिकावं लागलं, आणि ते शिकूनही जुन्या संगणकांवर पहिली वेलांटी अक्षर ओलांडून पुढे जाऊन बसायची. आठ दिवसांनी माझं पान तयार झालं. काळी पार्श्वभूमी, त्यावर लाल अक्षरं, मथळा उजवीकडून डावीकडे धावणारा, कोपऱ्यात लुकलुकणारी मशाल आणि तळाशी किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा. मजकूर एकसलग, परिच्छेद एकही नाही. प्रकाशभाऊंनी खुर्ची ओढली, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"मंदाबाई, हे वाचाचं हाय का वरातीत नाचाचं?"

"काऊन, दिसून नाई राह्यलं का?"

"दिसून त लई राह्यलं. डोळ्यात पानी येऊन राह्यलं." त्यांनी खिशातला रुमाल खरोखर डोळ्यांना लावला. "तुमाले लोकाइले सांगाचं हाय का लोकाइले पळवाचं हाय?"

त्यांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. निकालाच्या रांगेतल्या कुणालाही बोलवायचे, माझं पान समोर ठेवायचे आणि म्हणायचे, मोठ्यानं वाच. वाचणारा जिथे अडखळला तिथे मी वाक्य तोडायचं. जिथे त्याने जांभई दिली तो परिच्छेद उडवायचा. जिथे तो मान पुढे करून वाचू लागला ते वर आणायचं. महिन्याभरात पान पांढरं झालं, अक्षरं काळी आणि मोठी झाली, मशाल विझली. परिच्छेद चार ओळींच्या पुढे जाईनासे झाले. मी रोवणीची गाणी म्हणणाऱ्या बायांवर लिहिलं, झिंग्यांच्या चटणीवर लिहिलं. नागपूरहून, पुण्याहून, एकदा दुबईहून प्रतिक्रिया आली. "आता फोटो टाका," प्रकाशभाऊ म्हणाले. "बिना फोटोचं कोनी थांबत नाई." कार्यालयाचा डिजिटल कॅमेरा आठवडी बाजाराच्या फोटोंसाठी माझ्याकडे असायचा. मी तो वापरू लागले.

त्याच हिवाळ्यात तलावावर लहानूबुवा मारले गेले. लहानूबुवा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, वय साठीच्या पुढचं, उजव्या पायाने लंगडणारे. त्या वर्षी तलाव बाहेरगावच्या एका ठेकेदाराला दिल्याचा कागद आला होता. सोसायटीने त्याविरुद्ध अर्ज केला आणि उत्तर येईपर्यंत जाळं टाकायचं ठरवलं. सकाळी सूर्य वर आल्यावर सोसायटीची नऊ माणसं कमरेएवढ्या पाण्यात मोठं जाळं ओढत होती. पाळीवर एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून बारा-तेरा जण उतरले. हातात कुऱ्हाडीचे दांडे होते. पाती काढून टाकलेली होती. सगळ्यात पुढे ठेकेदाराचा कारभारी होता, त्याला सगळे दिवाणजी म्हणत. पहिला दांडा एकाच्या खांद्यावर पडला, दुसरा एकाच्या गुडघ्यावर. एकाचे पुढचे चार दात पडले. पाण्यात पळता येत नाही. पळणारा माणूस उभाच दिसतो आणि मागून येणाऱ्याला घाई करावी लागत नाही. दहा मिनिटांत सात जण काठावर आले, त्यातले चार उचलून आणलेले. लहानूबुवा आले नाहीत. दुपारी त्यांचं प्रेत निघालं. ठाण्यात नोंद झाली, पळताना पाण्यात पडून बुडाले. आमच्या दैनिकात पाच ओळी आल्या: तलावाच्या वादातून हाणामारी, चार जखमी, एकाचा बुडून मृत्यू. त्या ओळी मीच टाईप केल्या.

नववा माणूस किसनमामा होता. बुडातल्या खुंटाला अडकलेलं स्वतःचं जाळं सोडवायला तो पाण्यात वाढलेल्या बेशरमाच्या झुडपात गेला होता. टेम्पो आला तेव्हा तो नाकापर्यंत पाण्यात बसला आणि तिथेच राहिला. त्याने हे मला चौथ्या दिवशी सांगितलं, पडवीत, जाळ्याची फाटलेली बाजू मांडीवर घेऊन. त्या दिवशी मात्र तो माझ्याकडे बघत नव्हता. जाळ्याकडे बघत होता.

"मांगून डोस्क्यात मारलं. बुवा तोंडावर पडला. मंग त्या दिवाणजीनं मानेवर पाय देल्ला. काळा गमबूट. दाबूनच ठेवला."

"किती वेळ?"

"मरळ मरते तेवढा." त्याने फाटलेली दोरी बोटाला गुंडाळली. "हात हालून राह्यले होते त्याचे, मंदे. मी पाच हातावर होतो. उठलो नाई."

मी वहीत लिहून घेत होते. कोण, कुठे, कधी, कशानं. चारही उत्तरं पहिल्यांदाच पूर्ण मिळाली होती. मामा ठाण्यात जायला तयार नव्हता. बोरकरसर म्हणाले, "नाव देणारा साक्षीदार नाई, त बातमी नाई." मग ब्लॉगच उरला. मामाने एकच अट घातली, आणि ती मी देवाची शपथ घेऊन मान्य केली.

"माहं नाव कुठीच येऊ देऊ नोको. ते लोक मारते मले."

मी काळजी घेतली. 'एका प्रत्यक्षदर्शीने सांगितलं' असं लिहिलं. वय बदललं. झुडपाऐवजी 'जवळून' लिहिलं. मारणाऱ्यांना, कार्यालयातल्या सवयीने, 'अज्ञात इसम' लिहिलं. गमबूट ठेवला. छोटी वाक्यं, चार ओळींचे परिच्छेद, मथळा स्पष्ट: 'लहानूबुवा बुडाले नाहीत'. प्रकाशभाऊंनी रांगेतल्या एका मुलीला वाचायला बसवलं. ती कुठेही अडखळली नाही. शेवटाला आल्यावर तिने फक्त ओढणीचं टोक तोंडात धरलं. फोटो लहान टाकला होता, काडेपेटीएवढा. कुंपणावर वाळत घातलेलं फाटकं जाळं. माणूस नाही, घर नाही, चेहरा नाही. मला तो योग्य वाटला.

आठ दिवसांत त्या पानावर जितके लोक आले तितके आधीच्या सगळ्या महिन्यांत मिळून आले नव्हते. प्रतिक्रियांमध्ये पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं की मजकूर उत्तम आणि वाचायला सुलभ आहे, मात्र फोटो फार लहान आहे, जाळं नीट दिसत नाही, मोठा केल्यास बरं होईल. सूचना बरोबर होती. मी फोटो पानाच्या रुंदीएवढा केला. खालची बाजू काळपट होती म्हणून कापली, उजेड वाढवला, रंग थोडे गडद केले. आता वरची दोरी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरेख आडवी येत होती. मथळ्याखाली ती एखाद्या रेघेसारखी शोभत होती. मी मागे सरकून बघितलं आणि मला आनंद झाला. तो आनंद मला अजून आठवतो. आज नव्याने ब्लॉग लिहिणाऱ्या मुली मला विचारतात की पान कसं सजवावं, आणि मी त्यांना परिच्छेदाबद्दल, अक्षरांच्या आकाराबद्दल, मोकळ्या जागेबद्दल सांगते. मग विचारते, या फोटोतली वस्तू कुणाची आहे? त्यांना वाटतं मी फोटोच्या परवानगीबद्दल बोलते आहे.

कुणीतरी त्या पानाची रंगीत प्रत काढून गावात नेली. दिवाणजीला मजकुरातून काही मिळालं नसतं. प्रत चहाच्या टपरीवर हातोहात फिरली, आणि तिथे बसलेल्या एकाने, वाईट हेतूने नव्हे, ओळख पटल्याच्या कौतुकाने म्हटलं, "अरे, हे त किसनचं जाळं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाच जण घरी आले. मी आरमोरीत होते. पुढचं मायने सांगितलं तसं लिहिते. मामा जेवत होता. त्याला केसाला धरून ताटावरून उठवलं आणि मागच्या अंगणात नेलं. दोघांनी मायला भिंतीशी धरून ठेवलं. दिवाणजीने घडी केलेली प्रत खिशातून काढली, मामाच्या तोंडासमोर धरली आणि विचारलं, "लई दिसते का रे तुले पान्यातून?" कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, हे तीनदा विचारलं. मामाने माझं नाव घेतलं नाही. मग त्याचा उजवा हात काळ्या दगडावर ठेवला, त्या झिजलेल्या खोलगट जागेत. मायची मोगरी तिथेच पडली होती. एका घावावर ते थांबले नाहीत. उजवा झाल्यावर डावा ठेवला. जाताना त्यांनी पडवीतलं जाळं बाहेर ओढलं, चुलीतलं जळतं लाकूड त्यावर टाकलं आणि पेट घेईपर्यंत उभे राहिले. रबर जळल्याचा वास घरात कित्येक दिवस होता.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा मामाला जीपने गडचिरोलीला नेलेलं होतं. माय दगड धूत होती. पाणी ओतायची, राख टाकायची, नारळाच्या शेंडीने घासायची, पुन्हा पाणी ओतायची. मी जवळ गेले. तिने उठून माझ्या कानशिलात मारली, पूर्ण ताकदीने, आणि मी पडले. ती प्रत अंगणात पडलेली होती. तिने ती उचलली आणि माझ्यासमोर धरली. मायला अक्षर वाचता येत नव्हतं.

"हे तुले दिसलं नाई का व? तीन निळे न एक पांढरा. तू त तीन वर्साची होती तवापासून वळखत होती."

दिसलं होतं, हे खरं उत्तर होतं. निळा रंग उठून यावा म्हणून मीच तो गडद केला होता.

दवाखान्यात मामाचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते. डॉक्टरांनी सांगितलं, सात बोटं मोडली आहेत, दोन काढावी लागतील. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्याने मान हलवून थांबवलं. "ते पान वाचून दाखव," म्हणाला. "माह्यामुळं लिवलं न मीच आयकलं नाई." मी प्रत घेऊन गेले होते. वाचलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. 'अज्ञात इसम' आल्यावर डोळे उघडले.

"हे कोन?"

"म्हणजे... ज्यांची नावं माहीत नाहीत ते."

"मले त माहीत हाय. दिवाणजी होता. त्याचा साळा होता. टेम्पोवाला होता." मग, "न हा प्रत्यक्षदर्शी कोन?"

"तू."

"मंग किसन लिव. आता कायले लपवतं? हात त गेले."

"मामा, ते पुन्हा येतील."

"येऊ दे. त्या दिवशी मी पान्यात बसून राह्यलो, मंदे. आता नाई बसत."

ते पान मी गडचिरोलीतल्या एका कॅफेत पुन्हा लिहिलं. पहिल्या ओळीत त्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव. दुसऱ्या ओळीत तो किती अंतरावर होता. तिसऱ्या ओळीत, त्याच्या सांगण्यावरून, तो उठला नाही हे. मारणाऱ्यांची तीन नावं. प्रत बोरकरसरांकडे नेली. त्यांनी लाल पेन उघडला, शेवटपर्यंत वाचलं, आणि पेन तसाच बंद केला. "आता साक्षीदाराचं नाव हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दैनिकात पहिल्या पानावर आलं. पोलिसांच्या वरच्या कार्यालयातून अधिकारी आला आणि दवाखान्यातच मामाचा जबाब झाला. सही करायला बोटं मोकळी नव्हती. पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. लहानूबुवांना पुरलेलं होतं. उकरून काढलं तेव्हा कवटीच्या मागच्या भागात चार बोटं लांबीची भेग निघाली. पुढे साळ्याला आणि टेम्पोवाल्याला शिक्षा झाली. दिवाणजी सुटला. पाय कुणाचा होता हे सांगणारा एकटा मामा होता, आणि समोरच्या वकिलाने त्याला विचारलं की नाकापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला काय दिसणार. दिवाणजी नंतर कितीतरी वर्षं आमच्याच रस्त्याने मोटरसायकलवर जायचा. गाडी हळू करायचा, पडवीकडे बघायचा आणि जायचा.

तो मोठा फोटो मी काढून टाकला. त्या जागी दुसरा टाकला नाही. पान उघडलं की मथळ्याखाली अजून रिकामी पट्टी दिसते, आणि सजावट बिघडली आहे असं वाचक अधूनमधून कळवतात.

पुढच्या हंगामाआधी मायने आणि मी नवं जाळं विणायला घेतलं. मामा समोर बसून सांगायचा, गाठ कुठे सैल झाली, फासा कुठे मोठा झाला. आता त्याला जाळ्याकडे बघावं लागत होतं. माझं विणकाम वाईट होतं, तो शिव्या घालायचा, माय हसायची. शेवटच्या दिवशी वरची दोरी राहिली. मी बाजारातून थर्माकोलचे तयार तरंगे आणले होते, पांढरेशुभ्र, कुठल्याही जाळ्याला असतात तसे. मामाने पिशवीत पाहिलं आणि पायाने ती बाजूला सारली.

"माह्या जुन्या चपला कुठी ठेवल्या?"

बाहेर रस्त्यावर मोटरसायकल हळू झाली. माय विणता विणता थांबली. मी मामाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता.

"काप," तो म्हणाला. "तिकोनी. पहिले तीन निळे."